तू कोण, असं दाराने विचारावं का?

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्याने कळवलं, "सर, हे तत्त्वज्ञानाचं व्याख्यान आहे की कुलपांच्या दुकानाचं उद्घाटन?" प्रश्न रास्त आहे. जुन्या सरकारी आणि नगरपालिकांच्या इमारतींना आता जी इलेक्ट्रॉनिक दारं बसतात, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. कार्ड दाखवा, अंगठा टेकवा, कॅमेऱ्यापुढे उभे राहा, मग आत. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्राची होते. दारही माणसाने रचलेलीच वस्तू आहे. त्याच्याही पोटात एक म्हणणं असतं, आणि ते तपासायला हरकत नसावी.

आधी यंत्र समजून घेऊ, नाहीतर आपली टीका हवेत राहील. अशा दाराचे तीन भाग असतात. भिंतीवर वाचक असतो, म्हणजे कार्ड किंवा बोट किंवा चेहरा वाचणारी डबी. कुठेतरी आत, बहुधा छताच्या वर किंवा एखाद्या कपाटात, नियंत्रक असतो. त्याच्याकडे यादी असते: कोणाला, कुठल्या दाराने, किती ते किती वाजेपर्यंत. आणि चौकटीत कुलूप असतं, विजेवर चालणारं. वाचक विचारतो, नियंत्रक यादी बघतो, कुलूप ऐकतं. प्रत्येक वेळी एक नोंद होते, दार उघडलं नाही तरी होते. आपल्या देवडीवर हे सगळं एकच माणूस करत असे. तो बघायचा, आठवायचा, ठरवायचा आणि अडसर काढायचा. यंत्राने या एका माणसाचे तीन तुकडे केले, आणि त्यातला ठरवण्याचा तुकडा दारापासून उचलून दुसरीकडे नेला. कुठे नेला? यादी करणाऱ्याच्या टेबलावर. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

या क्षेत्रातले अभियंते दोन प्रश्न वेगळे करतात, आणि ते बरोबर करतात. पहिला: तू कोण आहेस? दुसरा: तुला इथे यायचा अधिकार आहे का? आता 'अधिकार' या शब्दापाशी आपण जरा थांबू. मराठीत त्याचे दोन अर्थ एकमेकांना खेटून बसले आहेत. नागरिकाचा अधिकार म्हणजे हक्क, आणि साहेबांचा अधिकार म्हणजे सत्ता. आणि मागे एक तिसरा जुना अर्थ आहे, वेदान्तातला. तिथे 'अधिकारी' म्हणजे ज्ञान घ्यायला पात्र असलेला माणूस. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात एक अख्खं अधिकरण याच चर्चेला दिलेलं आहे की वेदविद्येचा अधिकार शूद्राला आहे की नाही, आणि शंकराचार्यांनी भाष्यात उत्तर 'नाही' असं दिलं. म्हणजे आपल्या परंपरेत अधिकार हा प्रश्न 'तू कोण' या प्रश्नाच्या शेपटीला बांधलेला आहे. आधी जात सांग, मग पात्रता बघू.

आधुनिक सार्वजनिक इमारत या बांधणीच्या विरुद्ध उभी राहिली. नगरपालिकेच्या फलकावर लावलेली नोटीस वाचायला, पाण्याच्या तक्रारीचा अर्ज द्यायला, जन्माचा दाखला कसा मिळतो ते विचारायला मी कोण आहे हे सांगावं लागत नाही. दाखला हातात घेताना सांगावं लागेल, ते वेगळं. पण जिना चढताना नाही. इथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिला प्रश्न न विचारताच 'हो' असं असतं. आणि इलेक्ट्रॉनिक दाराला नेमकं हेच जमत नाही. त्याच्या रचनेतच असं आहे की दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचायचा त्याचा रस्ता पहिल्या प्रश्नातून जातो. जो यादीत नाही, तो त्याच्या लेखी नाहीच. 'कोणीही' या शब्दासाठी यादीत रकाना नसतो. आमचा मुख्य आक्षेप एवढाच आहे. बाकीचं त्याचं स्पष्टीकरण समजा.

बरं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तरी यंत्र देतं का? नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण आहे, 'हा तोच देवदत्त'. काल पाहिलेला देवदत्त आज समोर आला आणि ओळखला, याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. तिच्यात आत्ताचं दिसणं आणि मागची आठवण एका निर्णयात एकवटतात. चेहरा ओळखणारा कॅमेरा असं काही करत नाही. तो समोरच्या चेहऱ्याचे आकडे काढतो, साठवलेल्या आकड्यांशी ताडून बघतो, आणि साम्य अमुक इतकं आहे असं सांगतो. हे तर दुसरंच उदाहरण झालं: गायीसारखा दिसतो तो गवय. म्हणजे सादृश्य. आणि किती सादृश्याला 'तोच' म्हणायचं, ही रेघ कोणीतरी माणूस आखतो. गंमत अशी की तांत्रिक भाषेत त्या रेघेला 'थ्रेशोल्ड' म्हणतात, म्हणजे उंबरठाच! उंबरठा खाली ठेवला तर परका आत येतो, वर ठेवला तर घरचा बाहेर राहतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारी जागा सापडत नाही. मग बँकेच्या तिजोरीला वरचा उंबरठा शोभतो. तिथे दहा घरचे खोळंबले तरी चालतील, परका नको. नगरपालिकेच्या दाराला कुठला शोभतो? हा प्रश्न निविदेत कोणी विचारत नाही. विकणारा त्याच्या सवयीचा उंबरठा बसवून जातो.

आमच्या वयाच्या लोकांना हे अंगठ्यावरून ठाऊक आहे. त्वचा कोरडी पडते, रेषा झिजतात. एका कार्यालयात, नाव राहू द्या, आम्ही अंगठा सहा वेळा टेकवला. यंत्र लाल दिवा दाखवत राहिलं. शेजारी बांधकामावरचा एक गवंडी होता, सिमेंटने हात खाल्लेले. त्याचीही तीच गत. तिथली मुलगी बिचारी सभ्य होती, म्हणाली, "आजोबा, हात जरा पुसून परत ठेवा ना." तिला समोर दिसत होतं की हा म्हातारा म्हातारा आहे आणि तो गवंडी गवंडी आहे. पण दिसून उपयोग नव्हता. तिच्या हातात काही ठेवलेलंच नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर हातांनी काम केलं त्यांचे हात यंत्राला वाचता येत नाहीत, यावर अधिक बोलायची गरज आहे असं वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर आपण जुन्या दाराचे भाट ठरू. जुनं दार न्यायी होतं का? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. हो, बरेच जण हे नाव ऐकून चवदार तळ्यापाशी जातात, आणि जावंच. पण ठराव फक्त पाणवठ्यांचा नव्हता. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा, आणि त्याबरोबर सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो होता. कचेऱ्या! म्हणजे १९२३ पर्यंत आपल्या प्रांतात कचेरीच्या दारात माणूस अडतो, हे गृहीत धरून ठराव करावा लागला. पुढे महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर दार उघडलं. तळ्यावर मात्र २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह चालत जावं लागलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तिथे ना कुलूप होतं, ना भिंत. अडवायला माणसाची नजर पुरेशी होती.

तेव्हा शिपाईमामांच्या आठवणीने गहिवरून यायचं कारण नाही. तो शिपाई चपला बघायचा, धोतर बघायचं की पँट ते बघायचा, आडनाव विचारायचा, आणि काही ठिकाणी हात पुढे करायचा. कार्ड वाचणारी डबी यातलं काही करत नाही. तिला जात कळत नाही, तिला चिरीमिरी देता येत नाही. हा यंत्राचा खरा नैतिक गुण आहे आणि त्याला आम्ही मनापासून मान देतो. फक्त एक विचारायचं: भेदभाव गेला, की दारावरून उठून यादीत जाऊन बसला? कोणाला स्मार्टफोन आहे, कोणाला ॲप उघडता येतं, कोणाचं ओळखपत्र आणि कोणाचा चेहरा जुळतो, ही नवी चाळण जुन्या चाळणीच्या भोकांशी बरीचशी मिळतीजुळती आहे. शिपायाच्या अन्यायाला निदान चेहरा होता. त्याच्याशी भांडता यायचं, त्याच्या साहेबाकडे जाता यायचं, चारचौघांत त्याला लाज वाटू शकायची. लाल दिव्याला लाज वाटत नाही.

इथे आम्हाला हिरकणी आठवते. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दंतकथा आहे, पण दंतकथा उगीच टिकत नाहीत. गवळण रायगडावर दूध घालायला गेली, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ. पहारेकरी म्हणाले, हुकूम नाही. ती कडा उतरून गेली. आपण ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून सांगतो. तीच गोष्ट प्रवेशनियंत्रणाची म्हणून वाचून पाहा. वेळेला बांधलेला नियम, अपवादाची सोय नाही, आणि समोर असं कारण की जे नियम करणाऱ्याच्या मनात आलंच नव्हतं. पहारेकऱ्यांचं चुकलं का? किल्ला आहे तो, शत्रू दाराशी. नाही चुकलं. आणि महाराजांनी काय केलं? कथेप्रमाणे तिचा सन्मान केला, आणि ज्या जागेवरून ती उतरली तिथे बुरूज बांधला. म्हणजे अपवाद मानला आणि भोकही बुजवलं. सुरक्षा-तपासणीचा इतका नेमका अहवाल आम्ही दुसरा पाहिलेला नाही. पण एक आहे, महापालिका हा किल्ला नव्हे. किल्ल्यात बाहेरचा माणूस आधी संशयित असतो. महापालिकेत बाहेरचा माणूस मालक असतो. एकाचं दार दुसऱ्याला लावलं की मालकाला कडा उतरावा लागतो.

मंत्रालयाकडे येऊ. १९५५ साली सचिवालय म्हणून बांधलेली ती इमारत. मंत्रालय हे नाव १९७५ चं. २०२५ पासून तिथे चेहरा ओळखणारी यंत्रणा आहे आणि 'डिजी प्रवेश' नावाचं ॲप आहे. कारणं खोटी नाहीत. गर्दी अफाट, दलाल पुष्कळ. आणि त्या इमारतीत लोकांनी जीव द्यायचे प्रयत्न केलेले आहेत. धुळे जिल्ह्यातले शेतकरी धर्मा पाटील यांनी जानेवारी २०१८ मध्ये तिथे विष घेतलं आणि ते वारले. त्यानंतर काही दिवसांतच मधल्या चौकात जाळी लावली गेली. ती जाळी पाहिली की दाराचा प्रश्न वेगळाच दिसू लागतो. ऐंशी पार केलेला माणूस जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालत होता. तो आत येऊ शकत होता, दार त्याला उघडंच होतं. आतलं टेबल उघडत नव्हतं. आता आपण दार अधिक हुशार केलं. टेबलाचं काय? नागरिक कुठल्या मिनिटाला आत आला आणि कुठल्या मिनिटाला बाहेर पडला याची नोंद राहणार. त्याची फाइल कुठल्या मिनिटाला कुठल्या टेबलावर थांबली, याची नोंद त्याला तितक्याच सहज दिसते का? नोंद ठेवायचीच असेल तर दोन्ही अंगांनी ठेवा. एकाच अंगाने ठेवली तर तिला सुरक्षा म्हणवत नाही, पाळत म्हणावं लागतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो दाराबाहेर काढून ठेवायच्या चपलांसारखा नाही.

वारसा-इमारतींचा मुद्दा यात आणखी एक पीळ भरतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची मुंबई महापालिकेची इमारत घ्या. समोरचं स्टेशनही आणि ही इमारतही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचीच. ही १८९३ मध्ये पुरी झाली. अशा इमारतीत यंत्र बसवताना वारसा-जतनवाले काही नेमके प्रश्न विचारतात आणि ते विचारायलाच हवेत. जुन्या सागवानी दाराला भोक पाडायचं का? कोरीव दगडातून वायर न्यायची का? उद्या यंत्र काढलं तर खूण उरेल का? ऑस्ट्रेलियातल्या जाणकारांनी १९७९ मध्ये केलेल्या बुरा सनदेपासून एक तत्त्व रुजलं आहे की जे बदल टाळता येत नाहीत ते शक्यतो परत फिरवता येण्याजोगे असावेत. म्हणून बॅटरीवर चालणारी, वायर न लागणारी कुलपं आली, मूळ कडी-कोयंडा तसाच ठेवून शेजारी उभी राहणारी फाटकं आली. छान आहे. पण लाकडाला लागलेलं भोक बुजवता येतं. 'इथे यायला विचारावं लागत नाही' ही सवय एकदा मोडली की ती परत कशी फिरवणार? आमच्या मते वारसा फक्त दगडात नसतो. रस्त्यावरचा माणूस तो जिना चढून वर जातो, हाही त्या इमारतीचा वारसा आहे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर काही वर्षं या इमारतीत नगरसेवकच नव्हते. लोकप्रतिनिधी नसलेली लोकसंस्था आपण खपवून घेतली, त्या मानाने लोक नसलेली इमारत खपवून घेणं काय अवघड!

आता कोणी म्हणेल, चोरांचं काय? जरूर बोलू. ब्रिटिश म्युझियममध्ये २०२३ साली उघडकीला आलं की सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, खराब किंवा चोरीला गेल्या आहेत, आणि संशय आतल्याच माणसावर होता. जानेवारी २०२५ मध्ये तिथेच कामावरून काढलेला एक संगणक-कंत्राटी माणूस आत शिरला आणि त्याने काही यंत्रणा बंद पाडल्या. काही दालनं बंद ठेवावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये चोर तर शिडीच्या गाडीने खिडकीतून आले, भर दिवसा. आणि ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला तेव्हा कुठल्या कार्डाने काय होणार होतं? म्हणजे समोरच्या दाराने रांगेत येणाऱ्या माणसाला अडवून यातलं काही थांबत नाही. थांबतं ते आतल्या दारांनी, आणि काढलेल्या माणसाचं नाव यादीतून त्याच दिवशी खोडल्याने. कार्डही सगळी सारखी नसतात. जुनी साधी कार्डं केवळ एक आकडा ओरडतात, तो कोणीही ऐकून नक्कल करावी. जगभर वापरात असलेल्या मायफेअर क्लासिक कार्डाची गुप्तलिपी २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी फोडून दाखवली होती.

म्हणून आमची मागणी यंत्र हटवा अशी नाही. यंत्र त्याच्या जागी न्या. अभिलेखकक्षाला लावा, नकाशांच्या खोलीला लावा, जिथे मूळ कागद ठेवतात त्या कपाटांना लावा. आदर्श प्रकरणात २०१० मध्ये नगरविकास खात्यातले कागद गहाळ झाल्याचं समोर आलं. त्या खोलीत कोण, कधी गेलं याची न पुसता येणारी नोंद असती तर? तिथे 'तू कोण' हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण तिथे जाणारा माणूस आपला नोकर आहे आणि विचारणारे आपण आहोत.

एक गोष्ट राहिली, बाहेर पडण्याची. वीज गेली तर दार उघडं पडावं की बंद राहावं, हे कुलूप निवडतानाच ठरतं. चुंबकाचं कुलूप वीज गेली की सुटतं. दुसऱ्या जातीची कुलपं मिटलेलीच राहतात. तिजोरीला दुसरं चालेल. माणसं असलेल्या मजल्याला आतून बाहेर जाताना कार्ड, अंगठा, चेहरा काही लागता कामा नये, दांडा ढकलला की रस्ता मोकळा. २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली. जुन्या इमारतींत लाकूड भरपूर, जिने मोजके. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गावच्या नगरपालिकेत नवं दार दिसलं तर हे एक आधी विचारा, बाकीचं तत्त्वज्ञान नंतर.

एक चिठ्ठी आली आहे. "मग दारात परत माणूस बसवायचा का?" हो, बसवा. पण चौकीदार म्हणून नको. त्याच्या हातात दोन गोष्टी द्या: लाल दिवा लागला तरी दार उघडायचं बटण, आणि ते का दाबलं हे लिहायची वही. अडवलं तर का अडवलं हेही त्याच वहीत, आणि मागणाऱ्याला त्याची प्रत. पगार कुठून द्यायचा, असंही खाली लिहिलंय. यंत्रांच्या दरसालच्या देखभालीच्या कंत्राटाचा आकडा माहितीच्या अधिकारात मागवा, मग बसून हिशेब करू. पुढचा प्रश्न घेऊ या. तिकडे मागे हात वर आहे, त्या ताईंना माइक द्या.